बॉनेट न उघडणारी मोटार आणि आमचे गॅरेजवाले

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या उपस्थितीत बीएमडब्ल्यू कंपनीने आपली आय-८ ही मोटार हिंदुस्थानच्या बाजारात आणली. किंमत २ कोटी २९ लाख रुपये, तीही शोरूमची. नोंदणी आणि विमा वेगळा. पूर्ण बांधून बाहेरून आलेली गाडी, तेव्हा आयातशुल्काचा बोजा त्यात आलाच. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, आणि दारे बाजूला न उघडता पंखासारखी वर जाणारी ही मोटार वांद्रे-वरळीकडे कुणाकुणाला दिसली असेल. टॉम क्रूझच्या २०११ च्या सिनेमात तिचा नमुना मुंबईत धावताना दाखवला होता, तो अनेकांनी पाहिला असेल. जून २०२० मध्ये जर्मनीच्या लाइपझिग शहरातील कारखान्यात तिचे उत्पादन बंद झाले. सहा वर्षांत वीस हजारांहून थोड्या अधिक मोटारी निघाल्या. म्हणजे आज ती नवी मिळत नाही, आणि मिळत होती तेव्हाही आमच्या वाचकांपैकी कोणी तिचे गिऱ्हाईक असेल असे आम्हांस वाटत नाही.

मग व्यापाराच्या पानावर तिची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ही मोटार गिऱ्हाइकाच्या नजरेने न पाहता मिस्त्रीच्या नजरेने पाहिली पाहिजे. आमच्या बिरादरीतील किती घरांची चूल मोटार दुरुस्तीवर पेटते हे कुर्ला, नागपाडा, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद कुठेही डोळ्यांनी दिसते. सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात मोटार दुरुस्ती हा मुसलमान कामगारांचा मोठा वाटा असलेल्या धंद्यांपैकी एक म्हणून नोंदला आहे. त्या धंद्यावर काय येऊ घातले आहे, ते या एका मोटारीत एकत्र पाहायला मिळते.

आधी ती चालते कशी ते पाहू. हिच्यात दोन यंत्रे आहेत. मागे, बसणाऱ्याच्या पाठीशी, १४९९ सीसीचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. तीन सिलिंडर म्हटले की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे जुनी मारुती ८०० येते. पण या तीन सिलिंडरांना टर्बो बसवून २३१ अश्वशक्ती काढली आहे, आणि ती सहा गियरच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्समधून मागच्या चाकांना जाते. पुढच्या चाकांवर १३१ अश्वशक्तीची विजेची मोटर, तिला स्वतःचा दोन गियरचा छोटा गियरबॉक्स. दोन्ही मिळून ३६२ अश्वशक्ती. थांबलेली गाडी ४.४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरवर जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा शाफ्ट नाही. दोघांचा मेळ घालतो तो संगणक. कोणत्या क्षणी कोणी किती ओढायचे, हे ड्रायव्हरलाही कळत नाही.

दोन्ही यंत्रांच्या मध्ये, जुन्या गाडीत शाफ्टसाठी जो उंचवटा असतो त्या जागी, लिथियमची लांबट बॅटरी आहे. पहिल्या मोटारींत ती ७.१ किलोवॅट-तासांची होती, त्यातले सुमारे ५.२ वापरायला मिळत. २०१८ च्या सुधारित मोटारीत ती ११.६ झाली. पहिल्या मोटारींतली बॅटरी घरच्या प्लगवर तीन तासांच्या आत भरते. ब्रेक दाबला किंवा पेट्रोलचा पाय उचलला की विजेची मोटर उलट जनरेटरचे काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. यामुळेच अशा गाड्यांचे ब्रेक पॅड कमी झिजतात, ही गोष्ट ब्रेकचे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नुसत्या विजेवर ती ताशी १२० किलोमीटरपर्यंत पळते, अगदी मुकाट्याने. इंजिन चालू असते तेव्हा मात्र गिऱ्हाइकाला डरकाळी ऐकू यावी म्हणून आवाज स्पीकरमधून वाढवून आत सोडला आहे! सायलेन्सर बदलून आवाज काढून देणारे आमचे कारागीर यावर हसतील. पण ज्या कंपनीने आवाजसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये घेतला, तिने बाकीचे काय काय घेतले असेल याचाही विचार त्यांनी करावा.

आता मायलेजचा हिशेब. युरोपातील त्या वेळच्या चाचणीप्रमाणे ही मोटार १०० किलोमीटरला २.१ लिटर पेट्रोल खाते, म्हणजे लिटरला ४७ किलोमीटरच्या वर. आपल्याकडेही हाच आकडा सांगितला गेला. स्कूटरचे मायलेज आणि कोटीची मोटार! अमेरिकेच्या सरकारी चाचणीत याच मोटारीचा पेट्रोलवरचा आकडा गॅलनला २८ मैल निघाला, म्हणजे लिटरला सुमारे १२ किलोमीटर. विजेवरची मजल युरोपात ३७ किलोमीटर तर अमेरिकेत २४. दोघांपैकी कोणी खोटे बोलले नाही. युरोपच्या चाचणीत भरलेल्या बॅटरीचे किलोमीटर पेट्रोलच्या हिशेबात मिसळले जातात, म्हणून सरासरी फुगते. रोज प्लग लावणाऱ्याला पहिला आकडा काही अंशी खरा, प्लग कधीच न लावणाऱ्याला दुसरा. मापात काय धरले आणि काय सोडले हे विचारल्यावाचून सौदा करू नये, हे व्यापाऱ्याला आम्ही काय सांगावे.

या मोटारीतली सर्वांत नवलाची गोष्ट इंजिन नसून तिचा सांगाडा आहे, आणि ती विणकामाशी संबंधित असल्याने मालेगाव-भिवंडीच्या वाचकांसाठी थोडी सविस्तर देतो. बसायची पेटी पोलादाची नसून कार्बनच्या धाग्याची आहे. जपानमधील ओताके येथे कच्चा धागा तयार होई. तो जहाजाने अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक या गावी जाई, कारण तिथे धरणाची वीज स्वस्त आणि हा धागा भट्टीत जाळून कार्बन करायला वीज फार लागते. केसापेक्षा कितीतरी बारीक अशा पन्नास हजार तंतूंची एक वात. ती जर्मनीतील वाकर्सडॉर्फला आली की तिचे कापड होई, पण ताणा-बाणा घालून नव्हे. विणले की धागा वर-खाली वाकतो आणि जोर कमी होतो, म्हणून धागे सरळ शेजारी शेजारी ठेवून वरून टाचत. मग थरावर थर, साच्यात दाबून राळ भरायची, आणि तुकडे एकमेकांना गोंदाने चिकटवायचे. वेल्डिंगची ठिणगी नाही. एवढ्या खटाटोपाचे फळ म्हणजे बॅटरी, दोन यंत्रे, चार सीटा धरून मोटारीचे वजन १४८५ किलो. (मागच्या दोन सीटांवर मोठे माणूस बसत नाही, त्या लहान मुलांसाठी किंवा पिशव्यांसाठी. डिकी १५४ लिटरची, लग्नाचा एक आहेरही नीट मावणार नाही. दोन कोटींत एवढेच.)

ज्या धंद्यात आमचे वीव्हर बांधव शंभर वर्षे आहेत, त्या धंद्याची एक फांदी मोटारीच्या सांगाड्यापर्यंत गेली आहे. आम्ही असे म्हणत नाही की उद्या पॉवरलूमवर कार्बनचे कापड काढा. पण तांत्रिक कापड हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांनी तो चौकशीच्या यादीत लिहून ठेवावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या मोटारीचे पुढचे बॉनेट मालकाने उघडायचे नाही. ते उघडायची कळच मालकाला दिलेली नाही. ते काढायचे असेल तर कंपनीच्या माणसांनी. मागे काचेचे दार उचलले तर सामानाची जागा दिसते, इंजिन झाकलेले. आमच्या उस्तादांची सारी विद्या बॉनेट वर करून कान लावण्यापासून सुरू होते. कोणता व्हॉल्व्ह वाजतो, कुठला प्लग उडतो, हे ऐकून सांगणारे उस्ताद आजही आहेत. इथे ऐकायला काही ठेवलेले नाही. जे आहे ते स्कॅनरवर येते, आणि स्कॅनरला कुलूप असते. सेन्सर बदलला तरी तो गाडीच्या संगणकाला ओळख करून द्यावा लागतो, नाही तर नवा भाग असूनही गाडी बिघाडच दाखवते.

हे कुलूप फक्त महागड्या गाड्यांना आहे असे नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे ही मोटार इथे येण्याच्या सहा महिने आधी, भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यांत मारुती, टाटा, महिंद्र, होंडा होते आणि बीएमडब्ल्यूही होती. ठपका काय होता? अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी रद्द करण्याची भीती घालतात. आमच्या मते गेल्या पंचवीस वर्षांत गॅरेजवाल्याच्या बाजूने दिलेला इतका मोठा निर्णय दुसरा नाही. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षे लांबले, दंडाची रक्कम तर बाजूलाच राहिली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारी हा तिचा चौथा विषय. त्याच वर्षअखेरीस सरकारी पोर्टलही सुरू झाले. हे सगळे ज्यांच्या भल्यासाठी चालले आहे त्यांच्यापैकी किती जणांना याची खबर आहे? आमचे गॅरेजवाले मंडप घालून मिरवणुकीची वर्गणी गोळा करतात, पण गॅरेजवाल्यांची नोंदलेली संघटना करून एक निवेदन द्यायचे म्हटले की प्रत्येकाचा पाना हरवतो. कडू बोललो, पण खरे आहे.

कामावर काय परिणाम होईल हे धंद्याप्रमाणे वेगळे आहे. इंजिन आणि गियरबॉक्सच्या मिस्त्रीला सर्वांत मोठा फटका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी हायब्रिडमध्ये त्याचे काम उरते, कारण पेट्रोल इंजिन आहेच. पूर्ण विजेच्या गाडीत तेही नाही. आय-८ सारखी गाडी या दोहोंमधला पूल आहे, आणि त्या पुलावर असतानाच शिकून घ्यायचे असते. कार्बोरेटरची गोष्ट आठवा. १९९९-२००० च्या सुमारास शहरांतून इंजेक्शनच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा कितीतरी नामांकित कार्बोरेटरवाले म्हणाले की हे चालणार नाही. जे स्कॅनर शिकले त्यांची दुकाने आज आहेत.

डेंटरची गोष्ट वेगळी. कार्बनच्या पेटीवर हातोडा चालत नाही. ती वाकत नाही, तडकते, आणि तडा आतल्या थरात असला तर वरून दिसतही नाही. वरचे पत्रे ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे. ॲल्युमिनियमची हत्यारे पोलादाच्या हत्यारांपासून वेगळी ठेवावी लागतात, लोखंडाचा कीस त्यात रुतला तर पुढे गंज धरतो. हे काम अवघड आहे, पण शिकता येण्यासारखे आहे, आणि त्याची मजुरी जास्त मिळते.

ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो एसीवाला मात्र या खेळात पुढे आहे. या मोटारीची बॅटरी एसीच्याच गॅसने थंड ठेवली जाते. म्हणजे एसी बंद पडला तर प्रश्न उकाड्याचा राहत नाही, बॅटरीच्या आयुष्याचा होतो. पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर जाऊन त्या जागी उच्च दाबाच्या विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आला आहे. इथे एक व्यवहाराची सूचना द्यावीशी वाटते. नेहमीच्या कॉम्प्रेसरमध्ये आपण जे पीएजी तेल घालतो ते अशा विजेच्या कॉम्प्रेसरला चालत नाही. त्याला पीओई जातीचे, वीज न वाहणारे तेल लागते. गॅस भरण्याच्या यंत्रात आधीच्या गाडीचे उरलेले थोडे पीएजी तेल गेले तरी इन्सुलेशनचा दोष दाखवून गाडी बंद पडू शकते, आणि मग कॉम्प्रेसरसह सारी लाईन बदलण्याचा खर्च कोणाच्या माथी मारला जाईल हे सांगायला नको. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठी यंत्र वेगळे ठेवणे उत्तम.

सीट आणि चामड्याच्या कारागिरांसाठी एक गोष्ट सांगू. याच लाइपझिग कारखान्यात आय-८ ची धाकटी बहीण आय-३ ही पूर्ण विजेची मोटार बनत असे. तिच्यातले चामडे क्रोमऐवजी ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने कमावलेले होते आणि कंपनीने ते जाहिरातीत मिरवले. वनस्पतीने चामडे कमावणे आपल्याकडे कधी नव्हते असे नाही. बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर आमच्या आजोबांनी उभे आयुष्य काढले. ती विद्या आम्ही मागास म्हणून सोडली आणि जर्मनांनी ती कोटीच्या बाजारात विकली. धारावीतल्या ज्यांच्या हातात अजून काम आहे त्यांनी आपला माल कशाने कमावलेला आहे हे बिलावर लिहायला लागावे, एवढे तरी आज होण्यासारखे आहे.

जुन्या गाड्यांचे दलाल आणि भंगारवाले यांनी विशेष जपून राहावे. आय-८ आता जुन्या बाजारातच मिळते. अशा गाडीचे किलोमीटर पाहून भाव करण्यात अर्थ नाही, बॅटरीत किती दम उरला आहे त्याचा छापील तपास मागावा. कंपन्या अशा बॅटरीला साधारण आठ वर्षांची हमी देतात, आणि इथे आलेल्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षे केव्हाच भरली. भंगारात लिथियमची बॅटरी आली तर छिन्नी-हातोड्याने उघडू नये. तिची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही, आणि विझली असे वाटल्यावर काही तासांनी पुन्हा पेटते. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तिची विल्हेवाट नोंदणी असलेल्या केंद्राकडेच लागते. ज्यांच्याकडे जागा आणि माणसे आहेत त्यांनी नोंदणी काढावी. नाही काढली तर हा धंदा मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत जाईल आणि आमच्या गल्लीत फक्त टिनपत्रे उरतील.

प्लग लावायची हायब्रिड आपल्याकडे फोफावली नाही, याचे कारण बरेचसे करात आहे. २०१७ च्या जीएसटीत मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के लागले. विजेच्या गाडीवर आधी १२ आणि १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतरही मोठ्या हायब्रिडला ४० आणि विजेच्या गाडीला ५. दोन यंत्रांचा खर्च करून आठपट कर भरायला कोण तयार होईल? पण प्लग नसलेली, स्वतःच चार्ज होणारी हायब्रिड मात्र २०२२ पासून मारुती, टोयोटा आणि होंडा यांच्याकडून आली आणि ती आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली आहे. तिच्यातही तीच नारिंगी केबल आहे.

त्या नारिंगी रंगाबद्दल सांगितल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. आय-८ मध्ये बॅटरीचा दाब साडेतीनशे व्होल्टच्या आसपास आहे. साध्या गाडीची १२ व्होल्टची वायर मिस्त्री जिभेवरसुद्धा लावून पाहतो, ही सवय इथे जीव घेईल. नारिंगी आवरणाच्या कोणत्याही वायरीला, ज्याने त्याचे शिक्षण घेतलेले नाही त्याने हात लावू नये. गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दाब काही मिनिटे राहतो. दाब उतरल्याचे मीटरने पाहिल्यावरच काम. हाताखाली बारा-चौदा वर्षांचा छोकरा ठेवण्याची जी रीत आमच्या गॅरेजांत आहे, ती कायद्याने गुन्हा आहेच, पण अशा गाडीच्या बाबतीत ती सरळ सरळ त्या पोराच्या जिवाशी खेळ आहे.

आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्याला दहावी लागते. आमची पोरे आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागतात आणि अठराव्या वर्षी उत्तम फिटर होतात, पण त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. हातात हुन्नर आहे आणि कागद नाही, अशी ही कोंडी. उस्तादांनी शागीर्दाला रात्रशाळेतून किंवा बाहेरून दहावीला बसवावे आणि परीक्षेच्या महिन्याचा पगार कापू नये, अशी आमची विनंती आहे. ज्या संस्थांकडे इमारती आणि पैसा आहे त्यांनी सत्कार-समारंभांतला थोडा भाग काढून संध्याकाळच्या वर्गांना द्यावा. एका मोहल्ल्यातल्या पाच-सात गॅरेजवाल्यांनी वर्गणीने एक चांगला स्कॅनर, एक इन्सुलेशन तपासणारा मीटर आणि हजार व्होल्टच्या रबरी हातमोज्यांचे दोन जोड घेतले तर कोणा एकावर बोजा पडत नाही. हातमोजे मात्र दर वेळी हवा भरून, गुंडाळून पाहावे लागतात. सुईएवढे भोक पडले असेल तर तो जोड कापून फेकून द्यावा, चिकटपट्टी लावून वापरू नये.